लेखामानकांचे यंत्रवाच्य रूप : संज्ञा, निर्णय आणि अधिकार

१

लेखामानके हे मुळात गद्य वाङ्मय आहे, ही गोष्ट वाणिज्याच्या अभ्यासकांच्या सहसा ध्यानात येत नाही आणि भाषेच्या अभ्यासकांना ती कोणी सांगत नाही. ताळेबंदात छापलेला आकडा पाहिला म्हणजे तो मोजून काढलेला आहे असे वाटते. वस्तुतः तो पुष्कळदा एखाद्या वाक्याच्या वाचनातून निघालेला असतो. उत्पन्न कोणत्या क्षणी मिळाले असे मानावयाचे, भाडेपट्ट्याने घेतलेले विमान घेणाऱ्याच्या पुस्तकात दाखवावयाचे की देणाऱ्याच्या, न्यायालयात चाललेल्या दाव्यापोटी आजच तरतूद करावयाची की केवळ टीप देऊन थांबावयाचे, या सर्व प्रश्नांची उत्तरे मानकातील शब्दांच्या अर्थावर अवलंबून असतात. तेव्हा मानक कोणत्या रूपात प्रसिद्ध व्हावे हा प्रश्न केवळ छपाईचा अथवा साठवणीचा नव्हे. तो अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे.

गेल्या पाव शतकात या क्षेत्रात एक चमत्कारिक असमतोल निर्माण झाला आहे. १९९८ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील चार्ल्स हॉफमन या लेखापालाने वित्तीय अहवालांसाठी एक्सएमएल या खूणभाषेचा उपयोग करता येईल काय, याचा शोध सुरू केला. त्यातून एक्सबीआरएल ही अहवालांची यंत्रवाच्य भाषा उदयास आली आणि तिचे २.१ हे विनिर्देशन २००३ च्या अखेरीस सिद्ध झाले. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने २००९ पासून टप्प्याटप्प्याने या भाषेतील अहवाल सक्तीचे केले. भारताच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने २०१०-११ या आर्थिक वर्षापासून विवक्षित वर्गांतील कंपन्यांवर तेच बंधन घातले. युरोपीय संघातील सूचिबद्ध कंपन्याही २०२० व २०२१ या आर्थिक वर्षांपासून याच वाटेवर आल्या. अशा रीतीने अहवाल यंत्राला वाचता येऊ लागले. परंतु ज्या मानकांनुसार ते तयार होतात ती मानके मात्र अद्याप माणसानेच वाचावी अशा रूपात आहेत. निकालपत्र यंत्राच्या हाती आले. कायद्याचे पुस्तक कपाटातच राहिले.

ही उणीव भरून काढण्यासाठी मानकेच अर्थनिष्ठ यंत्रवाच्य रूपात प्रसिद्ध करावीत, असा विचार आता पुढे येत आहे. 'अर्थनिष्ठ' या विशेषणाचा अर्थ येथे स्पष्ट केला पाहिजे. मानकाचा मजकूर संगणकावर उपलब्ध असणे म्हणजे तो अर्थनिष्ठ असणे नव्हे. यंत्राच्या दृष्टीने तो अक्षरांचा ओघ असतो. अर्थनिष्ठ रूपात प्रत्येक परिच्छेदाला, प्रत्येक व्याख्येला आणि प्रत्येक संकल्पनेला स्वतःची कायम ओळख दिलेली असते, आणि त्यांच्यातील संबंधही नाव देऊन सांगितलेले असतात: ही व्याख्या त्या परिच्छेदाला लागू आहे, हा परिच्छेद त्याला अपवाद आहे, हा अमुक दिनांकापासून त्याची जागा घेतो, इत्यादी. अशी विधाने मांडण्याची आरडीएफ ही पद्धती १९९९ मध्ये आणि त्यांवर तर्क चालविणारी आउल ही भाषा २००४ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. तंत्र नवे नाही. त्यातून नेमके काय सांगावयाचे, याविषयीचा विचार मात्र पुरेसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकेची लेखामानक संहिता आणि तिच्या जोडीची टॅक्सॉनॉमी या दोन ग्रंथांची त्या दृष्टीने समीक्षा करावयाची आहे.

२

अमेरिकेचे वित्तीय लेखामानक मंडळ १९७३ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वीच्या संस्थांची मते व बुलेटिने, मंडळाची स्वतःची निवेदने, त्यांवरील अर्थविवरणे, व्यावसायिक संस्थेची मतपत्रे असा मजकुराचा मोठा ढीग पुढील तीन दशकांत साचला. एका प्रश्नाचे उत्तर चार ठिकाणी विखुरलेले, आणि त्या चार ठिकाणांचा अधिकारही समान नाही, अशी ती स्थिती होती. १ जुलै २००९ रोजी मंडळाने हा सर्व मजकूर विषयवार लावून एक संहिता प्रसिद्ध केली आणि आयोगाचे स्वतःचे नियम वगळता अन्य सर्व जुन्या मजकुराचा अधिकार संपविला. आपल्याकडे स्मृतींच्या पसाऱ्यातून निबंधकारांनी विषयवार ग्रंथ रचले, त्या कार्याची येथे आठवण होते. फरक एवढाच की निबंधकारांनी मूळ वचने प्रमाण म्हणून कायम ठेवली. येथे निबंध हेच प्रमाण झाले आणि मूळ वचने अप्रमाण ठरली.

संहितेचे खरे वैशिष्ट्य तिच्या क्रमांकपद्धतीत आहे. ८४२-१०-२५-२ हा एक संदर्भ घेऊ. ८४२ म्हणजे भाडेपट्टे हा विषय, १० म्हणजे त्यातील सर्वसाधारण उपविषय, २५ म्हणजे नोंद केव्हा व कशी करावयाची हे सांगणारा विभाग आणि २ हा परिच्छेद. यांतील २५ ही संख्या महत्त्वाची होय; कारण ती कोणत्याही विषयात आली तरी तिचा अर्थ तोच. १५ म्हणजे व्याप्ती, ३० म्हणजे प्रथम मापन, ३५ म्हणजे नंतरचे मापन, ५० म्हणजे प्रकटीकरण, ५५ म्हणजे अंमलबजावणीविषयी मार्गदर्शन. क्रमांकावरूनच वाक्याचे कार्य कळते. यंत्राचा विचार बाजूला ठेवला तरी ही अर्थनिष्ठ रचनाच आहे, आणि तिचे श्रेय संहिताकारांना निःसंकोचपणे दिले पाहिजे.

दुसरा गुण कालाच्या बाबतीतला. भाडेपट्ट्यांचे नवे मानक फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सार्वजनिक कंपन्यांना ते १५ डिसेंबर २०१८ नंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी लागू झाले. खाजगी कंपन्यांची मुदत मात्र वाढत जाऊन १५ डिसेंबर २०२१ नंतरच्या वर्षांवर गेली. म्हणजे तीन वर्षे एकाच देशात एकाच व्यवहाराला दोन नियम एकाच वेळी लागू होते. संहिता असा मजकूर 'प्रलंबित' म्हणून जुन्या मजकुराच्या शेजारी ठेवते व त्याला दिनांक जोडते. कोणाला, कोणत्या दिवशी, कोणता नियम, या प्रश्नाचे उत्तर देण्यात यंत्र माणसापेक्षा निश्चितच भरवशाचे. आणि अर्थनिष्ठ प्रकाशनाचा निर्विवाद लाभ कोणता असे विचारल्यास तो हाच सांगावा लागेल.

परंतु संहितेने एक गोष्ट गमावली. पूर्वीच्या प्रत्येक निवेदनाला निष्कर्षांची कारणे सांगणारा एक दीर्घ भाग जोडलेला असे. मंडळापुढे कोणते पर्याय आले, कोणता का नाकारला, अमुकच शब्द का योजला, हे त्यात वाचावयास मिळे. संहितेत या भागाला स्थान नाही. नव्या सुधारणापत्रांबरोबर तो आजही प्रसिद्ध होतो, पण संहितेच्या बाहेर राहतो. सूत्रे सुबक मांडून भाष्य वेगळ्या पेटीत ठेवावे, तसे हे झाले. ज्याला केवळ क्रमांक हवा त्याला याचे काही वाटणार नाही. ज्याला अर्थ हवा त्याची मात्र अडचण झाली. ती किती मोठी आहे हे पुढील उदाहरणावरून दिसेल.

३

संहितेच्या जोडीला टॅक्सॉनॉमी आहे. अहवालातील प्रत्येक आकड्याला जी खूण लावावयाची, त्या खुणांचा हा कोश. त्यात प्रत्येक संज्ञेला नाव व व्याख्या आहे. ती नावे बाजूची की जमा बाजूची, विशिष्ट दिवशीची शिल्लक दाखविते की कालावधीतील उलाढाल, हे नोंदलेले आहे. आणि संहितेतील कोणत्या परिच्छेदामुळे ती उद्भवली याचा संदर्भही दिलेला आहे. २०१० पासून या कोशाच्या देखभालीची जबाबदारी मानक मंडळाच्या प्रतिष्ठानाकडे आली, त्यामुळे सूत्र व कोश एकाच घरात तयार होऊ लागले. ही व्यवस्था चांगलीच म्हटली पाहिजे.

तथापि हा पूल एकाच दिशेने वाहता आहे. आकड्यापासून परिच्छेदापर्यंत जाता येते. परिच्छेदापासून आकड्यापर्यंत, म्हणजे नियमाच्या कारणापासून त्याच्या परिणामापर्यंत, येता येत नाही. टॅक्सॉनॉमीतील संज्ञा मुख्यतः मांडणी व प्रकटीकरण यांच्याशी संबंधित आहेत. नोंद करावी की नाही हे ठरविणाऱ्या वाक्यांशी तिचा संबंध अल्प आहे. ती नियमाचे फळ पाहते, मूळ पाहत नाही.

मूळ पाहावयाचे म्हटले म्हणजे काय अडचणी येतात, यासाठी 'प्रॉबेबल' या एका शब्दाचा विचार करू. अमेरिकी मानकांत १९७५ पासून या शब्दाचा अर्थ 'घडून येण्याची बरीच शक्यता असलेले' असा आहे. आंतरराष्ट्रीय मानकांत त्याच शब्दाचा अर्थ 'न घडण्यापेक्षा घडण्याची शक्यता अधिक' असा आहे. म्हणजे पारडे निम्म्याहून किंचित झुकले तरी पुरे. मे २०१४ मध्ये दोन्ही मंडळांनी महसुलाचे मानक संयुक्तपणे सिद्ध केले आणि मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा ठेवला. त्यात ग्राहकाकडून पैसे येतील किंवा कसे, याची कसोटी सांगताना दोन्ही मानकांनी 'प्रॉबेबल' हाच शब्द ठेवला. शब्द एक, अर्थ दोन. पुढे मोबदल्याचा बदलता भाग केव्हा हिशेबात धरावयाचा हे सांगताना मात्र अमेरिकी मानकाने 'प्रॉबेबल' आणि आंतरराष्ट्रीय मानकाने 'हायली प्रॉबेबल' असे म्हटले, ते दोन्हीकडे एकच अर्थ साधावा म्हणून! शब्द दोन, अर्थ एक.

केवळ शब्द जुळवून पाहणारे यंत्र येथे दोनदा फसेल: जेथे भेद आहे तेथे त्याला अभेद दिसेल आणि जेथे अभेद आहे तेथे भेद. म्हणून ओळख शब्दाला न देता संकल्पनेला दिली पाहिजे, हे अर्थनिष्ठ प्रकाशनाचे पहिले सूत्र होय. खुद्द अमेरिकी संहितेच्या शब्दसूचीतही काही संज्ञांना एकाहून अधिक व्याख्या आहेत, आणि कोणत्या उपविषयात कोणती घ्यावयाची हे पाहावे लागते. परंतु वरील भेदाभेद कोठे सांगितला आहे? मानकाच्या मजकुरात नव्हे. दोन्ही मंडळांच्या निष्कर्षकारणांत. म्हणजे जो भाग संहितेने दाराबाहेर ठेवला, तोच अर्थाची किल्ली घेऊन उभा आहे. अर्थनिष्ठ रूप तयार करताना केवळ अधिकृत मजकूर घेतला तर त्यात अधिकार येईल, अर्थ येणार नाही. कारणभागाला अधिकार देऊ नये हे योग्यच; पण त्याला ओळख देऊन त्या त्या परिच्छेदाशी जोडणे यात काहीही गैर नाही.

४

आता अधिक कठीण प्रश्नाकडे वळू. मानकातील सर्वच वाक्ये नियमाच्या साच्यात घालून यंत्राकडे सोपविता येतील काय? भाडेपट्ट्यांचा इतिहास याविषयी फार बोधप्रद आहे. १९७६ च्या अमेरिकी मानकात भाडेपट्टा ही खरी खरेदीच आहे असे केव्हा मानावे यासाठी चार कसोट्या होत्या. त्यांतील दोन संख्यांच्या होत्या: पट्ट्याची मुदत वस्तूच्या आर्थिक आयुष्याच्या ७५ टक्के अथवा अधिक असणे, किंवा देय रकमांचे आजचे मूल्य वस्तूच्या वाजवी मूल्याच्या ९० टक्के अथवा अधिक असणे. यंत्राला यापेक्षा सोयीचा नियम कोणता? परंतु सोय यंत्राची तशीच कराराच्या मसुदाकारांचीही झाली. ९० च्या किंचित खाली बसणारे करार लिहून देणे ताळेबंदाबाहेर ठेवली जातात, ही टीका त्या मानकावर अखेरपर्यंत होत राहिली.

२०१६ च्या मानकाने संख्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी 'आयुष्याचा प्रमुख भाग' व 'मूल्याचा जवळजवळ सर्व भाग' असे शब्द घातले. वर उल्लेखिलेला २५ व्या विभागातील २ रा परिच्छेद तो हाच. पण संख्या नाहीशा झाल्या काय? नाही. त्या ५५ व्या विभागात, अंमलबजावणीच्या मार्गदर्शनात, जाऊन बसल्या. तेथे म्हटले आहे की, ७५ टक्के व ९० टक्के या मर्यादा मानणे ही या कसोट्या लावण्याची एक वाजवी रीत होय. आकडे तेच, त्यांचा दर्जा बदलला. पूर्वी ते आज्ञा होते, आता ते अनुमत वाचन आहेत.

एखाद्या उत्साही प्रोग्रामकाराने हे मानक नियमरूपात आणावयाचे ठरविले, तर तो काय करील? 'प्रमुख भाग' यंत्राला कळत नाही, ७५ कळते. म्हणून तो ७५ लिहील. त्या एका कृतीने चाळीस वर्षांच्या वादाचा निकाल उलटा फिरेल. जे मंडळाने जाणीवपूर्वक निर्णयाच्या कक्षेत आणले, ते पुन्हा गणिताच्या कक्षेत जाईल. आणि हे मंडळाने केले नसून एका मध्यस्थाने केले, याचा पत्ताही वापरणाऱ्याला लागणार नाही. प्रत्यक्ष व्यवहारात हिशेब यंत्रच करीत असेल, तर अधिकृत मानक कपाटात राहील आणि अनधिकृत नियम राज्य करील. या विषयात खरी जोखीम कोणती असेल तर ती ही आहे.

यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक असे की, मानके तत्त्वनिष्ठ असल्याने त्यांचे यंत्रवाच्य रूप करणेच व्यर्थ. हे मत बरोबर नाही. व्याप्ती, व्याख्या, अपवाद, दिनांक, परस्परसंदर्भ यांचा प्रचंड सांगाडा निर्णयाविनाच मांडता येतो आणि तो मांडल्याने अभ्यासकाचे श्रम वाचतात. दुसरे मत असे की, यंत्राला कळेल इतके मानक स्पष्ट करावे, म्हणजे संदिग्धता उरणार नाही. हे मत अधिक घातक आहे. मानकातील प्रत्येक संदिग्धता हा दोष नसतो. काही ठिकाणी ती लेखापालावर टाकलेली जबाबदारी असते. 'प्रमुख भाग' हे शब्द ढिसाळपणे लिहिलेले नाहीत. त्यांनी लेखापालाला सांगितले आहे की, येथे तू विचार कर आणि त्याचे उत्तरदायित्व घे.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, अर्थनिष्ठ रूपात निर्णयाच्या जागा निर्णय म्हणूनच नोंदविल्या जाव्यात. जेथे मानक माणसाचा निर्णय मागते, तेथे यंत्रवाच्य मजकुराने तसे स्पष्ट सांगावे. त्या जागी कोणकोणती वाचने अनुमत आहेत व त्यांपैकी प्रत्येकाचा अधिकार कोणता, हे वेगळे नोंदवावे. हे तंत्राला अशक्य नाही. कायद्याच्या नियमांसाठी तयार झालेली आणि २०२१ मध्ये मानक म्हणून संमत झालेली लीगलरूलएमएल ही भाषा एकाच वचनाचे परस्परभिन्न अर्थ शेजारी शेजारी ठेवण्याची सोय देते. पाठभेद नोंदविणाऱ्या संपादकाला जी शिस्त ठाऊक असते, तीच येथे हवी: आपल्याला पटलेला पाठ वर घेऊन बाकीचे पुसून टाकू नयेत.

अलीकडे आणखी एक आक्षेप घेतला जातो. गद्य सरळ वाचून उत्तरे देणारी यंत्रे आता निघाली आहेत. मग अर्थनिष्ठ रूपाचा हा खटाटोप कशाला? याचे उत्तर असे की, अशी यंत्रे वाचन देतात, प्रमाण देत नाहीत. त्यांचे वाचन कशावर तपासून पाहावयाचे, हा प्रश्न उरतोच. कोणता परिच्छेद, कोणत्या दिनांकाचा, कोणत्या दर्जाचा, हे ज्यावर ताडून पाहता येईल असे स्थिर रूप मानकाच्या कर्त्यानेच प्रसिद्ध केलेले असेल, तर या नव्या वाचकांनाही लगाम राहील. वाचक वाढले म्हणून प्रमाण पाठाची गरज कमी होत नाही, ती वाढते.

५

शेवटी आपल्याकडील स्थितीकडे पाहू. भारतीय लेखामानकांची नवी मालिका फेब्रुवारी २०१५ मध्ये नियमांच्या रूपाने अधिसूचित झाली. ती आंतरराष्ट्रीय मानकांशी मिळतीजुळती असून बहुतेक ठिकाणी परिच्छेदांचे क्रमांकही तेच ठेवले आहेत. त्यामुळे आंतरराष्ट्रीय मानकांचे अर्थनिष्ठ रूप तयार झाले की आपल्याला ते आयतेच वापरता येईल, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो पूर्णतः खरा नाही. एखादा व्यवसाय वाजवीपेक्षा कमी किमतीत विकत घेतला, तर होणारा लाभ आंतरराष्ट्रीय मानक ३ च्या ३४ व्या परिच्छेदानुसार नफ्यातोट्यात जातो. आपल्या इंड एएस १०३ च्या त्याच क्रमांकाच्या परिच्छेदानुसार तो नफ्यातोट्यात न येता इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून भांडवली राखीव निधीत जातो. क्रमांक एक, निकाल भिन्न. उसने आणलेल्या ओळखपत्राने येथे नफ्याचा आकडाच चुकेल. भारतीय मानकाची ओळख भारतीय मानककर्त्यांनीच दिली पाहिजे, आणि परकीय परिच्छेदाशी तिचा संबंध 'समान', 'अंशतः समान' की 'भिन्न', हे त्यांनीच सांगितले पाहिजे.

मराठीच्या दृष्टीनेही यात एक संधी आहे. एक्सबीआरएलमध्ये एकाच संज्ञेला अनेक भाषांतील नावे जोडता येतात; संज्ञा तीच राहते. भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांनी एकेका इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देण्याचे मोठे काम केले. परंतु 'प्रॉबेबल' या शब्दाला एकच प्रतिशब्द देऊन भागत नाही, हे आपण वर पाहिले. परिभाषा शब्दाला न जोडता मानकातील संकल्पनेला जोडली, तर कोणत्या परिच्छेदात 'संभाव्य' म्हणावयाचे व कोठे 'अतिसंभाव्य', हा विवाद कोशाच्या पानावर न राहता मानकाच्या मजकुरावर निकालात काढता येईल. हे काम वाणिज्य विभागाला एकट्याने होणार नाही व भाषा विभागालाही एकट्याने होणार नाही. पदव्युत्तर प्रबंधांसाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी एखादे लहान मानक घेऊन त्यातील व्याख्या, आज्ञा, अनुमत वाचने व निर्णयाच्या जागा वेगळ्या करून पाहाव्यात. पहिल्या दहा परिच्छेदांतच त्यांना या प्रश्नाचे स्वरूप कळून येईल.

मानक यंत्राला वाचता यावे ही अपेक्षा रास्त आहे. ते वाचताना आपण कोठे थांबावयाचे आहे हेही यंत्राला त्याच मजकुरात वाचता आले पाहिजे. ती थांबण्याची जागा आखून देणे हे मानककर्त्यांचे काम आहे. ते त्यांनी केले नाही, तर ते दुसरा कोणीतरी करील, आणि त्याचे नाव ताळेबंदाखाली सही म्हणून असणार नाही.